पाटावरची जागा

"पाच पोरी आण," शालन म्हणाली. "तू धरून पाच. कुणाला आणायचं ते तू ठरव. मी कुणाच्या आईला सांगायला जाणार नाही."

वैजू भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मी तिच्या लोखंडी बुटाचा चामडी पट्टा शिवत होतो.

"कुणीपण?"

"कुणीपण."

"पिंकी आली तर?"

"पिंकीला आण. तुझ्या मैत्रिणी, तुझं घर, तुझी अष्टमी."

वैजू बोटांवर मोजायला लागली. पिंकी. सोनल. वंदना. वंदनाची धाकटी बहीण छकुली, कारण वंदनाला एकटीला कुणी सोडत नाही. आणि ती स्वतः. झाल्या पाच.

शालन स्टोव्हला पिन मारत होती. ती थांबली. मला कळलं, ती आणखी एका नावाची वाट बघत होती. मीही बघत होतो. ते आलं नाही.

"आणि मंजुळा?" शालननं विचारलं.

"ती कशाला?"

"कशाला म्हणजे? रोज तुझं दप्तर कोण उचलतं?"

"तूच म्हणालीस की पाच."

"सहा झाल्या तर देवी रागवत नाही."

"पिंकी रागवती," वैजू म्हणाली.

शालन गेल्या श्रावणात गेली. दहाव्याला कारखान्याच्या कॉलनीतली जुनी माणसं आली होती. त्यातला एक जण म्हणाला, "वहिनी फार सोशिक होत्या हो." बाकीच्यांनी माना हलवल्या. बत्तीस वर्षं तिच्याबरोबर राहिलो. तिच्याबद्दल दुसरं काहीही म्हणा, सोशिक म्हणू नका. म्हणून ही अष्टमीची हकीकत लिहितो. मला सजवून लिहिता येत नाही. झालं तसं सांगतो.

मी साखर कारखान्यात फिटर होतो. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो, कामगारांच्या चाळीतल्या दोन खोल्यांत. वैजू दोन वर्षांची असताना तापानं तिचा डावा पाय गेला. पोलिओ. मिरजेहून तिचा लोखंडी पट्ट्यांचा बूट करून आणला होता. तो घालून ती चालायची. बुटाचा स्क्रू ढिला झाला की मीच आवळायचो.

शाळा कारखान्याच्या पलीकडे. वाटेवर बॉयलरची राख पसरलेली, तिच्यात बूट रुतायचा. तेवढ्या वाटेवर दप्तर पाठीला घेऊन चालणं वैजूला जमायचं नाही. दुसरीत असताना एक दिवस मंजुळानं ते दप्तर न बोलता उचललं, आणि दोन वर्षं उचलत राहिली.

मंजुळा म्हणजे गेटवरच्या परसू वॉचमनची पोरगी. माणसं हल्याळकडची, सिद्दी. त्यांच्या पूर्वजांना शेकडो वर्षांपूर्वी जहाजातून आफ्रिकेतून आणलं होतं, असं परसूच मला सांगायचा. "आता आमचं तिकडं कोण न्हाई हो, मिस्त्री. आम्हाला तिकडची भाषा येत न्हाई, त्यांना आमची मराठी येणार न्हाई." घरात मराठी, देवघरात यल्लम्मा. पण रंग काळाभोर आणि केस बारीक कुरळे. एवढ्यावर कॉलनीतल्या पोरांनी मंजुळाचं नाव 'आफ्रिका' ठेवलं होतं. पोरं तिच्या वेणीला हात लावून बघायची आणि हात पाठीमागं पुसायची.

शाळेतले गुरुजी भले माणूस. त्यांनी वर्गात सांगितलं होतं, वैजयंतीला सांभाळून घ्या, पुण्य लागतं. पोरं सांभाळून घ्यायची. खेळात तिला 'लिंबूटिंबू' करायची, म्हणजे ती खेळात असायची पण आउट होत नसायची. तिच्यावर राज्य यायचं नाही, आणि ती जिंकायचीही नाही. वैजूला ते कळायचं. एकदा घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी आज आउट झालो असतो. कुणी म्हणालंच न्हाई." आमच्याकडं पोरी 'आलो, गेलो' असंच बोलतात.

मंजुळाबद्दल गुरुजी वर्गात काही बोलले नाहीत. काय बोलणार? ती धडधाकट होती. शर्यतीत सगळ्यांच्या पुढं असायची. पण गडी निवडताना शेवटी राहायची. बाकीचे गडी सम असले तर निवडलीच जायची नाही. मग वैजूशेजारी बसून दोघींची दप्तरं राखायची.

अष्टमीला लहान मुलींना कुमारिका म्हणून बोलवायचं, पाटावर बसवून त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणाचं जेवण वाढायचं. त्या जेवल्या की मग घरच्या बाईनं नवरात्राचा उपास सोडायचा. कॉलनीत हे मोठ्या प्रमाणात व्हायचं ते नलवडे वहिनींकडं. त्यांचे साहेब चीफ केमिस्ट. पिंकी त्यांची मुलगी. आमच्या वैजूला आदल्या वर्षी तिथं पाटावर बसता आलं नव्हतं. म्हणून शालननं पुढच्या अष्टमीला कुमारिका आमच्याच घरी जेवू घालायचं ठरवलं होतं. वैजूला एकदा तरी पाटावर बसायचं होतं, चार पोरींच्या ओळीत, त्यांच्यातलीच एक म्हणून. वर्षभर तिला दुसरं काही नको होतं. त्यासाठी चार पोरी घरी यायला हव्या होत्या.

दोन दिवसांनी शालन नळावरून आली आणि म्हणाली, "मी मंजुळाला सांगितलं."

"तू कुणाच्या आईला सांगणार नव्हतीस ना?" मी म्हणालो.

"आईला कुठं सांगितलं? पोरीलाच सांगितलं." घागर ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं. "कशी हसली म्हणून सांगू. फुलं मी आणतो म्हणाली."

अष्टमीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. गाळपाचा सीझन सुरू व्हायच्या आधीची दुरुस्ती चालू होती, फोरमन कुरकुरला, पण सोडलं. शालननं मला काम दिलं होतं, ती पाय धुणार आणि मी तांब्यातून पाणी घालणार. ती आठवडाभर दूध आणि शेंगदाण्यावर होती. चेहरा उतरला होता, पण सकाळपासून गुणगुणत होती.

बाहेरच्या खोलीत तिनं सहा पाट मांडले. दोन आमचे, चार शेजाऱ्यांचे.

पोरी आल्या. नलवडेंकडं त्या वर्षी कुमारिका सप्तमीलाच झाल्या होत्या, म्हणून सगळ्या मोकळ्या होत्या. पिंकी सगळ्यांत पुढं, जरीचा परकर, हातात रुमाल. गोरी, घाऱ्या डोळ्यांची. आल्या आल्या तिनं खोली बघून घेतली.

"काकी, मी वैजूच्या शेजारी."

"बस की."

"ह्या बाजूला सोनल. तू तिकडं गं वंदे. छकुलीला शेवटी ठेव, ती सांडती."

"मी न्हाई सांडत," छकुली म्हणाली.

वैजूचा बूट मी काढला. तिनं माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "बाबा, टॉवेल टाका." मी तिच्या मांडीवर टॉवेल टाकला, तिचा बारीक पाय झाकला. तिला उचलून मधल्या पाटावर ठेवलं. एका बाजूला पिंकी, दुसऱ्या बाजूला वंदना. वैजूनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि हसू दाबलं. ते दाबलेलं हसू मला अजून दिसतं. शालननंही बघितलं असणार, कारण ती उगाचच आत गेली आणि डोळे पुसून बाहेर आली.

"हा पाट कुणाचा?" पिंकीनं सहाव्या पाटाकडं बोट केलं.

"येईल ती," शालन म्हणाली.

पिंकीनं वैजूकडं बघितलं. वैजूनं मान खाली घातली.

पाय धुणं सुरू झालं. पितळी परात, कोमट पाणी. सोनलचे झाले, पिंकीचे झाले. मग वैजूचे. टॉवेल जरा बाजूला सरकला. वंदना वाकून बघायला लागली.

"दुखतं काय गं?"

"न्हाई."

"एवढासाच कसा?"

"वंदे, बघू नको," पिंकी म्हणाली. "तिला वाईट वाटतं. देवानं केलंय ते."

म्हातारीसारखं बोलली. मला हसू आलं. मग वाटलं, हे वाक्य तिचं नाही.

वंदनाचे पाय झाले, छकुलीचे झाले. तेवढ्यात दारात मंजुळा आली.

शाळेचाच फ्रॉक, पण धुऊन इस्त्री केलेला. तेल लावून घट्ट दोन वेण्या, लाल रिबिनी. ओंजळीत झेंडू, इतके की हनुवटीनं धरले होते.

"काकी, फुलं."

"ये गं बाळ, आत ये. तुझीच वाट बघतोय. पाय धुवायचेत."

मंजुळानं आत पाऊल टाकलं. पिंकी पाटावर जरा उठली.

"काकी, ह्याच परातीत?"

"मग कशात?"

"आमचे पाय त्याच परातीत धुतलेत."

"बरं मग?"

पिंकी वैजूच्या पाठीमागून वाकून वंदनाच्या कानात काहीतरी बोलली. वंदना फिसकन हसली. छकुलीला मोठ्यानं विचारायची सवय. तिनं विचारलं, "काकी, पाणी काळं होतंय काय?"

ती सहा वर्षांची होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वंदनानं तिला चिमटा काढला, आणि मग सोनल हसली, पिंकी हसली. मंजुळा ओंजळ धरून उभी. ती कुणाकडं बघत नव्हती, फक्त वैजूकडं बघत होती.

शालन म्हणाली, "मंजुळा, बस पाटावर."

तेव्हा वैजू बोलली. गोड आवाजात बोलली.

"मंजे, तू बाहेर बस हं. बाहेर ताट देतो मी तुला. तुला दोन पोळ्या जास्त."

शालनचे हात परातीत तसेच राहिले.

"काय म्हणालीस?"

वैजू पुन्हा तेच म्हणाली, पण हळू. "तिला बाहेर ताट देऊया की. जास्त देऊया."

मंजुळानं फुलं उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवली. एकेक करून ठेवली, टाकली नाहीत. मग म्हणाली,

"मी जेवून आलोय, काकी."

"जेवून? अगं, कुमारिका जेवून येत नाहीत."

"मी जेवून आलोय," ती परत म्हणाली आणि निघाली. पळाली नाही. चालत गेली. मी तांब्या घेऊन दारापर्यंत गेलो, हाक मारली. तिनं मागं बघितलं नाही.

मी वळलो तर नलवडे वहिनी समोरून येत होत्या. हातात रिबिनींची पुडकी, पोरींना वाटायला आणलेली. कुणीतरी देवीला साडी नेसवून पाठवावं तशी त्यांची तयारी. आत येऊन म्हणाल्या, "झालं का गं शालन पाय धुऊन? काय गं पिंकी, तोंड का असं?"

"आई, ती आफ्रिका आली होती. पाटावर बसणार होती."

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या आणि पदर सावरला. "शालन, तिला बोलवलं होतंस तू?"

"बोलवलं होतं."

"मग पोरी नाराज होणारच. मुलांचं असं मनावर घ्यायचं नसतं गं. मुलं निरागस असतात. त्यांना जे आवडतं ते आवडतं, जे नाही ते नाही. त्यात आपण मोठ्यांनी पडू नये."

शालन परातीपाशी बसली होती. ती उठली. तिचे हात ओलेच होते, कोपरापर्यंत पाणी गळत होतं.

"वहिनी, गेल्या वर्षी माझी वैजू तुमच्याकडं आली होती."

"आता ते कशाला?"

"नवा परकर घालून आली होती. तुमच्या हॉलमध्ये पाट मांडलेले. पिंकी बसली होती. वैजू दारात दिसली तेव्हा पिंकी काय म्हणाली, आठवतं तुम्हाला?"

वहिनी हातातली पुडकी चाळवायला लागल्या.

"मी व्हरांड्यात होते. मी बघितलं. पिंकी म्हणाली, 'वैजू, इकडं ये.' आणि ती सरकली. अर्धा पाट रिकामा केला तिनं. आठ वर्षांची पोरगी. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिची ती सरकली. आणि तुम्ही काय म्हणालात? 'वैजू बाळा, तू बाहेर बस हं. देवीला अव्यंग लागतं. तुला बाहेर ताट देते. तुला दोन पोळ्या जास्त.'"

मला हे माहीत नव्हतं. वैजू तिथं पाटावर बसली नाही, एवढंच मला सांगितलं होतं. व्हरांड्यात एकटीला वाढलं, हे शालननं वर्षभर माझ्यापासून लपवलं होतं. मी जाऊन साहेबांच्या दारात उभा राहीन, नोकरीवर येईल, म्हणून लपवलं होतं.

"मी प्रेमानंच बोलले होते," वहिनी म्हणाल्या.

"हो. माझी पोरगी पण आत्ता प्रेमानंच बोलली. तुमचा शब्दसुद्धा बदलला नाही तिनं. हे पिंकीनं आपलं आपण निवडलं नाही, वहिनी. पिंकीनं निवडलं होतं ते तुम्ही गेल्या वर्षी मोडलं. आता ती बरोबर तुमच्यासारखं निवडायला लागली आणि तुम्ही म्हणता, मुलं निरागस असतात."

"हे बघ शालन, ते शास्त्र आहे, माझ्या घरचं नाही. आणि वैजूची गोष्ट वेगळी. ती आपल्यातली आहे. तिच्या पायाचं देवानं केलं, त्याला ती काय करणार बिचारी."

"आणि मंजुळाच्या रंगाचं कुणी केलं?"

वहिनींचं तोंड लाल झालं.

"पिंकी, ऊठ. चला गं पोरींनो. इथं भांडण चाललंय. घरी वाढते मी तुम्हाला."

पिंकी उठली. सोनल उठली. वंदनानं छकुलीचा दंड धरला.

"मला पुरणपोळी पाहिजे," छकुली म्हणाली.

"तिकडं मिळती."

"इथं वास येतोय. तिकडं काल झाली."

"चल म्हणते ना!" आणि वंदनानं तिला ओढत नेलं. रिबिनींची पुडकी वहिनींनी परत नेली.

पाच पाट रिकामे. मधल्या पाटावर वैजू, पाय ओले, टॉवेल मांडीवर. उंबऱ्यापाशी झेंडू. तिनं टॉवेलनं स्वतःच पाय पुसले. मग हुंदका आला.

"पिंकी म्हणाली होती, मंजुळा असली तर आम्ही कुणीच येणार न्हाई. मग माझ्याकडं कोण आलं असतं, सांग की!"

"मंजुळा आली असती," शालन म्हणाली.

तिनं वैजूला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. मला वाटलं घ्यावं. नऊ वर्षांची पोरगी होती माझी, वर्षभर एका पाटासाठी जीव टाकत होती. मी पुढं झालो तर शालन म्हणाली, "बूट घाला तिचा." तेवढंच. मी बूट घातला. स्क्रू गरजेपेक्षा जास्तच आवळला. राग वैजूचा नव्हता. छकुलीचा नव्हता, पिंकीचाही नव्हता. कुणाच्या घरी जाऊन कुणाची गचांडी धरायची ते मला कळत होतं, आणि धरून काही उपयोग नाही हेही कळत होतं. कारण ती बाई रात्री झोपताना स्वतःला चांगलीच समजून झोपणार होती.

दिवेलागणीला शालननं पुरणपोळ्यांचा डबा भरला. "चला," म्हणाली. "वैजूपण."

"तू काही खाल्लं नाहीस."

"कुमारिका जेवल्या का?"

गेटजवळ परसूची खोली. राखेच्या वाटेवर वैजूचा बूट रुतत होता. मी उचलायला गेलो तर शालननं नको म्हणून मान हलवली. दारात परसूची बायको सावित्री तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून ती उठली नाही.

"मंजुळा कुठं आहे?" शालननं विचारलं.

"आत हाय."

"माझी पोरगी चुकली. मी ते सांगायला आले."

सावित्रीनं सूप खाली ठेवलं.

"तुमची चूक न्हाई म्हणणार न्हाई मी, ताई. तुम्ही बोलवलंत म्हणून गेली. दोन दिवस नाचत होती. फ्रॉक तिनं स्वतः धुतला. मी म्हणलं, जेवून जा. ती म्हणाली, कुमारिका जेवून जात न्हाईत, काकी रागवंल. मी म्हणलं, रागवू दे."

"तुम्ही जेवायला लावलं?"

"आमच्यात तशीच चाल हाय. कुणाच्या पंगतीला पोर पाठवायचं तर आधी घरात पोटभर घालायचं. माझी आई मला घालायची. उपाशी पोटी परत आलं की पोर रडतं, आणि दुसऱ्या खेपेला बाहेरच्या ताटालापण हो म्हणतं. पोट भरलेलं असलं की न्हाई म्हणता येतं."

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली, युनियनमध्ये आणि बाहेर. तांदळाचं सूप बाजूला ठेवून सांगितलेली ही गोष्ट मी अजून विसरलो नाही. एक आई आपल्या लेकीला समारंभाला पाठवते, आणि आधी अपमानाची तयारी करून पाठवते. पिढ्यान् पिढ्या. आणि तयारी वाया जात नाही!

शालन तिथंच जमिनीवर बसली. डबा तिच्या मांडीवर. सावित्रीनं तिच्याकडं नीट बघितलं.

"तुम्ही उपाशी हाय."

शालननं मान हलवली.

"पोळ्या राहू द्या. आज माझी पोरगी त्या खाणार न्हाई. मीपण जोर करणार न्हाई." ती आत गेली आणि भाकरी आणि मसूरची आमटी घेऊन आली. "हे खा."

कुमारिका जेवल्याशिवाय न जेवणारी शालन, नवरात्राचे उपास एकदाही न मोडलेली शालन. तिनं ताट पुढं ओढलं आणि जेवली. रडत जेवली. देवीचं काय, हे तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मंजुळा दारात येऊन उभी राहिली होती.

"मंजे," वैजू म्हणाली.

मंजुळा चौकटीला टेकली.

"उद्या येशील?"

"शाळेला येणार. तुझ्या दप्तराला येणार न्हाई."

वैजूनं आईकडं बघितलं. आईनं काहीतरी बोलावं, मोठी माणसं बोलतात तसं, झालं गेलं विसरा, हात मिळवा. शालननं भाकरीचा तुकडा मोडला.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली.

परतताना वैजू सगळी वाट रडत होती. गेटच्या दिव्यापाशी थांबून म्हणाली, "आई, मंजी आता माझी मैत्रीण न्हाई होणार?"

"ते ती ठरवंल. आजपर्यंत तू ठरवत होतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू दप्तर घेऊन दारात उभी होती. तिनं त्यातली दोन पुस्तकं काढून ठेवली होती, तरी ते जडच होतं. मंजुळा रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं आली. मी पायात चप्पल घातली आणि दप्तराला हात घातला.

"ठेवा खाली," शालन आतून म्हणाली.

मी ठेवलं. वैजूनं ते पाठीला लावलं, एकदा कलंडली, दाराची चौकट धरून सावरली आणि रस्त्यावर उतरली. राखेत बूट रुतायचा, ती दोन्ही हातांनी पाय उपसून पुढं टाकायची.

"मंजे! थांब की!"

मंजुळा थांबली नाही. त्या दिवशी नाही.